उतरलेला गंधार

मी एक जुना बेंजो आहे. मित्रांनो, तारा ताणलेला आणि त्या दाबायला बटणांची ओळ असलेला लाकडी खोका म्हणजे मी. वाद्याला आत्मा असतो असे म्हणतात. माझ्या खोक्यात मला हवेखेरीज काही आढळलेले नाही.

आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता तेव्हा तामसीच्या मोतीराम गुरुजींनी मला घडवले. त्यांची पत्नी चंपाबाई जयंतीला भीमगीते गाई. तिला आपल्या हाताने साथ करावी, एवढीच त्यांची इच्छा. आदिलाबादच्या एका कव्वालीत त्यांनी बेंजो पाहिला आणि घरी येऊन सागवानाची फळी तासायला घेतली. स्वरांच्या जागा ठरवणारे पडदे सायकलच्या आऱ्यांचे केले, तारा टेकायला शिंगाची घोडी बसवली. पडद्याची जागा मात्र गायनमंडळाच्या हार्मोनियमवरून ठरवायची, अशी तिथली रीत होती. ती पेटी वाजवणारे म्हातारे डोमाजी तिची एकेक पट्टी दाबत आणि गुरुजी पडदा सरकवत.

"थांब, येथंच! ठोक आता," डोमाजी म्हणत. "पेटीले सोडून गेला त चंपी तुले घरात घेनार नाई."

त्या पेटीच्या गंधाराच्या पितळी जिभेवर हिरवट मळ साचला होता. जिभेचे टोक जड झाले की कंपने मंदावतात आणि स्वर उतरतो. परंतु चंपाबाई त्याच पेटीवर गाणे शिकली होती; तिचाही गंधार तेवढाच उतरलेला. पेटी, ती आणि मी एकमेकांशी अचूक जुळत होतो. चूक सर्वांची सारखी असली की ती ऐकू येत नाही. लोक म्हणत, "गुरुजीचा बेंजो बाईसंगं बोलते."

पुढे डोमाजी वारले. पेटी भंगारात गेली. त्या वर्षीच्या जयंतीला मंडळातल्या खुशालने आदिलाबादहून नवी पेटी आणली. पहिल्याच ओळीत गंधार आला. चंपाबाईचा आवाज क्षणभर अडखळला आणि नव्या स्वरावर सरकला. आवाज सरकतो, ठोकलेला पडदा सरकत नाही.

"गुरुजी, तुमचा डब्बा रडून राह्यला न!" खुशाल ओरडला. मंडप हसला. चंपाबाई हसली नाही, पण गात राहिली.

घरी ती म्हणाली, "एखांदा पडदा हालला असन जी. पाहा न."

"पडदे जागीच हायेत. माहे कान गेले, चंपा. नवी पेटी कायले खोटं बोलन?"

त्यांचे कान शाबूत होते. एक पडदा जवभर घोडीकडे सरकवला असता, तर पुरे होते. मला ते ठाऊक होते. परंतु मला फक्त वाजता येत होते, आणि वाजवायला आता कोणी नव्हते. त्यांनी मला माळ्यावर, पोत्यांमागे ठेवले. पुढे त्यांनी कोणालाच साथ केली नाही.

तारा गंजल्या. वर्षे गेली. एका दुपारी थकलेल्या चंपाबाईने मला खाली काढले, पदराने पुसले आणि उरलेली एकच तार खुंटी पिळून सुरात आणली. ती गुणगुणू लागली. पुढ्यात पेटी नव्हती, म्हणून तिचा गंधार आपोआप जुन्या जागी उतरला. तिने माझे बटण दाबले. आमचा मेळ कणभरही चुकला नाही.

"अवो, आयका न! जुळून राह्यलं!" ती अंगणाकडे पाहून ओरडली. "तुमचे कान नोयते गेले जी!"

गुरुजी पाठमोरे बसले होते. ती पुन्हा ओरडली. कोंबड्या फडफडल्या. गुरुजी वळले नाहीत.

तोवर त्यांचे कान खरोखरच गेले होते.

मित्रांनो, कोणाला बेसूर ठरवण्यापूर्वी त्याला कोणत्या स्वरावर जुळवले होते, एवढे तपासून पाहा. आणि वेळेत पाहा. धूळ नंतरही पुसता येते.