रंगवलेला रूळ

वरिष्ठ साहेब पाहणीला येणार म्हटलं, की आमच्या डेपोत जे जे हलत नाही त्याला रंग लागतो. यंदा यार्डातल्या रुळांचा नंबर लागला. चंदेरी रंग, दोन हात. आदेशावर सही हेडक्लार्कची, म्हणजे माझी.

साहेबांना दाखवायचं प्रात्यक्षिक सोपं होतं. रुळांवरून जाणाऱ्या विजेच्या तारेचा पुरवठा बंद करायचा, तार दांड्याने रुळाला जोडायची, मग बगळ्याने शिडीवर चढायचं. बगळा म्हणजे आमचा सर्वांत उंच लाइनमन. जोडणी माझ्या मुलीकडे होती. तिला नोकरीत दहा महिने झाले होते आणि कायम करण्याचा कागद याच साहेबांच्या सहीसाठी अडला होता.

तिने दांड्याच्या केबलचा चिमटा आधी रुळाला आवळला. मीटर लावून पाहिला आणि तशीच उभी राहिली. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

"काय झालं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"चिमटा रंगावर बसलाय, साहेब, लोखंडाला लागत नाही. काका चढणार नाहीत."

"पुरवठा बंद आहे ना?"

"या तारेचा. शेजारची चालू आहे, तिच्यामुळे हिच्यात विजेचा दाब येतो. त्याला रुळातून वाट मिळाली नाही, तर तो काकांमधून जमिनीत जाईल."

"मी वाटेत नाही," म्हणत बगळ्याने पहिल्या पायरीवरचा पाय काढून घेतला.

"रूळ रंगवायला कोणी सांगितलं?"

"लेखी आदेश आहे. हेडक्लार्कांचा," ती म्हणाली. बाबा मी फक्त घरी असतो.

तिने कानस घेतली. वीस मिनिटं खरडत होती. साहेबांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. लोखंड चकाकल्यावर तिने चिमटा पुन्हा लावला, मीटर पाहिला आणि दांड्याचा आकडा तारेला टेकवला.

चट्. बंद तारेतून निळी ठिणगी उडाली.

बगळ्याने टोपी सरळ केली आणि निवांत वर चढला.

दुपारी साहेबांनी दोन कागद मागवले: एक तिला कायम करण्याचा, दुसरा माझ्याकडून खुलासा मागण्याचा. दोन्ही मीच टाइप केले. तिच्या पूर्ण नावात मधलं नाव माझं येतं. तेवढं मी ठळक अक्षरांत घेतलं.