तळपायाचे कान

दादा स्टेजवर अनवाणी का उभा राहतो, यावर परदेशातल्या चाहत्यांनी बरंच डोकं चालवलं होतं. कोणी म्हणे पैज हरलाय, कोणी म्हणे कलावंत आहे, चालायचंच. खरी गोष्ट एवढीच की त्याला नीट ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं ब्लूज-रॉक वाजवून, भल्यामोठ्या स्पीकरांना खेटून उभं राहून कानांनी हळूहळू गाशा गुंडाळत आणला होता. स्टेजवर सगळे आवाज एकमेकांत विरघळत आणि पाण्याखालून आल्यासारखे येत. ड्रमवर धाकटी बहीण बसायची. तिचा ठोका लाकडी फळ्यांतून त्याच्या तळपायांत यायचा आणि त्या ठोक्याचं बोट धरून तो गिटार वाजवायचा, गायचा.

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. धाकटीला कळलं तर ती त्याच दिवशी दौरा गुंडाळेल, याची त्याला खात्री होती. आणि स्टेज सुटल्यावर आपल्यापाशी उरतं काय, हा प्रश्न स्वतःला विचारायची त्याची छाती होत नव्हती.

पहिल्या खेपेला या देशात त्यांना ऐकायला एकोणीस जण आले होते, त्यातले दोघे दार चुकून. पुढच्या वर्षी दोनशे. मग हॉल मोठे होत गेले, स्वप्नात एखादी खोली आपोआप वाढत जाते तसे. भिंती लांब गेल्या, छत उंच गेलं, माणसं ठिपक्यांएवढी झाली. धाकटीचा नवरा बास गिटार वाजवी आणि कार्यक्रमही तोच ठरवी. त्याला सगळे जावईबापू म्हणत. त्याचे पाय तर जमिनीवर नव्हतेच. "दादा, आता मागे वळून बघायचं नाही!" असं तो रोज सकाळी म्हणे. दादालाही आनंद होताच. पण त्या एकोणीस जणांत कोण खोकलं, कोणी कुठल्या ओळीला डोळे मिटले, ते त्याला अजून आठवे. आता आठ हजार टाळ्या वाजवत, आणि ते त्याला हातांवरून कळे.

त्या दुपारचा कार्यक्रम प्रदर्शनाच्या जुन्या दालनात होता. वर काचेचं छप्पर, खाली लाकडी जमीन, मधे उन्हाचे तिरपे पट्टे आणि त्यांत तरंगणारी धूळ. लोकही त्या उजेडात तरंगल्यासारखे दिसत होते. स्टेज मात्र नवंकोरं, लोखंडी, वर जाड रबर अंथरलेलं. बँड मोठा झाला म्हणून ड्रमला मागे वेगळा उंच चौथराही दिला होता. दादाने बूट काढून पाय टेकवला, धाकटीने ठोका दिला. खाली काहीच नव्हतं.

तीन गाणी त्याने मागे वळून, ठोक्याबरोबर हलणाऱ्या धाकटीच्या गुडघ्याकडे बघत निभावली. चौथं संथ होतं, ते लोकांकडे तोंड करूनच गायचं. सवयीने डोळे मिटले गेले. आत सगळं निळं, शांत, छान वाटत होतं. डोळे उघडले तेव्हा जावईबापूंचा चेहरा पडलेला होता. दादा एकटाच सम ओलांडून कुठल्या कुठे निघून गेला होता.

धाकटीने काठ्या ठेवल्या. आठ हजार लोकांदेखत ती चौथऱ्यावरून उतरली आणि त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"किती दिवस झाले?"

थाप मारावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं. "दोन वर्षं."

"मला तीन वाटली होती."

"तुला माहीत होतं?"

"मग मी बोलताना दरवेळी तुझ्या पुढ्यात येऊन उभी राहते, ते काय तुझं रूप बघायला? तू कधी तोंड उघडतोस, त्याची वाट बघत होते."

"तू घरी बसवलं असतंस."

"बसवलंही असतं. पण आता मला नको सांगूस. यांना सांग."

"निघून गेले तर?"

"एकोणीस उरले तरी वाजवू."

त्याने मोडक्यातोडक्या परक्या भाषेत सांगितलं. मला कमी ऐकू येतं. ठोका मला पायातून कळतो. हे स्टेज माझ्याशी बोलत नाही. मग तो थांबला. लोक गप्प झालेत की ओरडताहेत, हेही त्याला कळेना. इतका एकटा तो कधीच पडला नव्हता. न राहवून तो गिटारची वायर ओढत पायऱ्या उतरला आणि लाकडी जमिनीवर उभा राहिला.

पहिल्या ओळीत कामाच्या कपड्यांतली एक बाई होती. तिने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, टाच उचलली आणि आपटली. दादाला ती तळपायात लागली. मग तिच्या शेजारच्याने आपटली, मग अख्ख्या ओळीने, मग मागच्यांनी. जमीन जागी झाली. आठ हजार माणसं त्याच्या घोट्यांतून गुडघ्यांत आणि गुडघ्यांतून छातीत चढली.

ताल मात्र दिव्य होता. मागच्यांचा ठोका पुढच्यांच्या पाठोपाठ धापा टाकत येत होता. दादाला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणीही आलं. हात वर करून, पाय आपटून त्याने सगळ्यांना एका ठोक्यावर आणलं आणि मागे पाहिलं.

धाकटी पुन्हा चौथऱ्यावर बसली होती. काठ्या उचललेल्या, नजर त्याच्या पायावर. इतकी वर्षं तो तिच्यामागून चालत आला होता. आज ती थांबली होती, त्याचं पाऊल पडायची वाट बघत.

त्याने पाऊल टाकलं.