पुसलेलं टाकं

मित्रांनो, मी पेनने लिहायचा एक जुना टॅब आहे. पाठीवर सतरा नंबरची पट्टी, एका कोपऱ्यात काच तडकलेली. गोंदियाच्या एका कॉलेजात, गणिताच्या वर्गात, मी पाच वर्षं काढली. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या दिवसापासून सगळे ज्याच्याकडे चोरासारखं बघतात, तो दुसरं काय शिकणार?

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते थेट कॉलेजच्या लोखंडी कपाटात. आम्ही चाळीस भावंडं. उद्घाटनाला हार, फोटो, पेढे, सगळं झालं. पाहुणे म्हणाले, आता मागच्या बाकावरचं पोरगंही बोलू लागेल. पाहुणे गेले आणि संशय सुरू झाला. पोरींनी माझ्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. शिपाई दुधराम तास सुटला की दारात उभा राहून पेनं मोजून घ्यायचा. गणिताच्या चंद्रकुमार सरांना तर वाटायचं, मी त्यांची खुर्चीच पळवायला आलोय. त्यांची व्याख्यानं रेकॉर्ड होत होती ना! "आज माझा आवाज भरून घेतात, उद्या म्हणतील घरी बसा," असं ते कपाटासमोर दुधरामला म्हणाले होते. मी आतून ऐकलं.

पद्धत अशी होती. पोरं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान मोबाइलवर बघून यायची. वर्गात सर एक गणित द्यायचे. ज्यानं त्यानं आपल्या टॅबवर ते सोडवायचं आणि 'पाठवा' दाबायचं, की ते सरांच्या पडद्यावर. चांगली होती पद्धत, खोटं कशाला बोलू! माझं कौतुकही खूप झालं त्या दिवसांत.

यंदा मी मंजूच्या वाट्याला आलो. ती अर्जुनीकडच्या एका खेड्यातली, गोंदियालगतच्या फुलचूरला खोली करून राहणारी. पेन इतकं हलकं टेकवायची की मला वाटायचं, हिचा माझ्यावर भरवसा नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं गणिताशेजारी एक आकृती काढली, तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हा चित्रकलेचा वर्ग नाही." तेव्हापासून ती चित्र काढायची, पण पाठवायच्या आधी पुसून टाकायची.

एका सोमवारी अंतर्गत गुणांची चाचणी होती. गणित पाण्याच्या टाकीचं. सरळ भिंतींची टाकी, तळाला भोक. सुरुवातीचा जोर कायम राहिला असता तर चार तासांत रिकामी झाली असती. पण पाणी उतरतं तसा धारेचा जोरही उतरतो, तर खरा वेळ किती? मंजूच्या शेजारी अश्विन बसला होता, वर्गातला हुशार. त्यानं पायऱ्या मांडून 'आठ तास' पाठवलं. मिनिटभरात मंजूचंही गेलं. आठ तास. पायरी एकही नाही.

सरांनी दोन्ही उत्तरं मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावली.

"मंजू, पायऱ्या कुठं आहेत?"

"मनातच केलं सर."

"मनात? पंधरा मिनिटं तुझी पाटी कोरी, आणि अश्विनचं आलं की लगेच तुझं. नाव परीक्षा समितीकडं जाईल. गुण शून्य, वर्ष गेलं समज."

"मी कापी नाही केली सर," एवढंच ती म्हणाली. अश्विन खाली मान घालून बसला. आणि मी? मला सगळं ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय बोलायची सोय माझ्यात नाही. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

पेनं गोळा करायला आलेला दुधराम दारातून म्हणाला, "मिटवलेलं बी रायते सर याच्यात. ते गोल बाणाचं बटन दाबा ना. मागं पोट्ट्यांनी माझं चित्र काढून मिटवलं होतं, मी पुरं पाहिलो."

सरांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी मला हातात घेतलं, तारेनं मोठ्या पडद्याला जोडलं आणि बटण दाबलं.

मंजूनं तासभरात माझ्यावर जे जे लिहिलं होतं ते भिंतीवर उमटू लागलं. सगळ्यात आधी कोपऱ्यातली बारीक ओळ, 'मले काही येत नाही, घरी जावं वाटते'. मग ती पुसलेली. मग वावरातलं सिमेंटचं टाकं. त्याच्या नळीतून पडणारी धार आणि धार पडते तिथं एक दगड. तासातासाला दगड सारख्याच अंतरानं टाक्याच्या जवळ येत होता. खाली लिहिलं होतं, 'जोर एकसारखा उतरत शून्यावर, म्हणजे सरासरी अर्धा जोर, म्हणून दुप्पट वेळ. आठ.' पडद्यावर दिसणाऱ्या वेळेनुसार अश्विनचं उत्तर यायच्या चार मिनिटं आधीचं होतं ते.

"हे दगडाचं कुठून शिकलीस?" सरांचा आवाज उतरला होता.

"माझा मनिराम आजा धानाच्या पऱ्ह्यांना पाणी देते तवा धार पडते तिथं दगड ठेवते सर. मी पाहत रायतो."

"मग पुसलंस काऊन? आधी सांगायचं ना, बेटा."

"कसं केलं ते तुमी इचारलंच नाही सर."

सरांनी तिला पूर्ण गुण दिले आणि वर्गासमोर माफीही मागितली. मोठेपणाच तो. पण मंजू पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ती कोपऱ्यातली ओळ चाळीस जणांनी वाचली होती, आणि ती दाखवणारा मीच होतो.

आता मंजू कागदाच्या वहीत गणित सोडवते आणि माझ्यावर फक्त उत्तर उतरवते. तिचं टाकं, तिचे दगड, कोपऱ्यातल्या बारीक ओळी, काहीच माझ्याकडे येत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फार एकटं वाटतं.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, चार्जिंगला लावायचं विसरलात तरी रुसणार नाही. फक्त कुणाला चोर म्हणण्याआधी शेजारी बसून हळूच विचारा, "हे तू कसं केलंस?" सरांनी त्या दिवशी एवढं विचारलं असतं, तर मंजूनं दोन वाक्यांत सांगितलं असतं आणि तिची ती ओळ माझ्याजवळच राहिली असती.