चार वाजून अकरा मिनिटं

शाल बघितली की दत्तात्रेयाचं डोकं फिरायचं.

पहाटे साडेपाचला रोह्याच्या नदीकाठी सत्तर-ऐंशी पोरं सायकली धरून थंडीत कुडकुडत उभी होती आणि आयोजकांच्या टेबलावर नंबरांच्या गठ्ठ्याशेजारी तीन शाली घडी घालून ठेवल्या होत्या. वर तीन नारळ. म्हणजे अजून कुणी एक पायडल मारलं नव्हतं आणि सत्काराची तयारी झालीसुद्धा. दुपारी हमरापूरला, शर्यत संपते तिथे, या शाली तिघा म्हाताऱ्यांच्या खांद्यावर पडणार होत्या. ते पोचोत की न पोचोत.

तिघं म्हणजे एक हा दत्तात्रेय, चौसष्ट वर्षांचा, त्यातली पस्तीस मिठागरात घालवलेला. दुसरा जोह्याचा दिनानाथ, सदुसष्टचा, कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखणारा. आणि तिसरी खांबची हौसा. वय एकसष्ट, भात नि वालाची शेती. नवऱ्याच्या सायकलवर शेंगांची पोती लादून हायवेला नेता नेता बाईने असे पाय कमावले होते की चढाला भलेभले तिच्या मागे राहायचे. पाच वर्षांपूर्वी याच शर्यतीत, पार शेवटाला, शेवटचा नंबर नक्की कुणाचा यावरून तिघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून दर रविवारी ते एकत्र सायकल मारू लागले.

गेल्या वर्षी घोटाळा झाला तो दिनानाथाच्या सवयीने. कारखान्यात रोज जेवण झालं की तो तोंडावर पंचा टाकून दहा मिनिटं आडवा होतो, चाळीस वर्षं झाली. शर्यतीत नागोठण्याजवळ भाकरी खाऊन तो तसाच एका झाडाखाली आडवा झाला. स्वयंसेवक पोरांनी बघितलं, म्हातारा निपचित पडलाय, तोंडावर कपडा आहे. झालं. त्यांनी उचलून ॲम्ब्युलन्समध्ये घातला आणि तो शिव्या देत असतानाच नाकाला नळी लावली. निकालाच्या कागदावर सगळ्यांच्या नावापुढे वेळ छापली. दिनानाथाच्या नावापुढे छापलं, ‘सन्मानित’. बरं, दत्तात्रेय आणि हौसा त्या दिवशी वेळेत पोचलेले असूनही त्यांच्या नावापुढेही तेच! वर यंदाच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात नवी अट आली: पुढील वर्षापासून साठीवरील स्पर्धकांना मानाचे पाहुणे म्हणून झेंडा दाखवण्यास निमंत्रित केले जाईल.

झेंडा दाखवायला! दत्तात्रेय तडक पेणला आयोजकाच्या घरी जाऊन धडकला. आयोजक ऋत्विक, तिशीचा पोरगा, मनाने वाईट नव्हता. पण साठीच्या माणसाशी बोलताना आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून बोलायचा, जसे काही सगळे बहिरेच. तासभर वाद घातल्यावर तो म्हणाला, ठीक आहे काका, तुम्ही तिघंही चारच्या आत हमरापूरला या, मी अट काढतो आणि वेळही छापतो. पण तिघंही. एक जरी मागे राहिला तरी नाही. दत्तात्रेयाने हो म्हटलं. घरी येताना त्याच्या लक्षात आलं की आपण दिनानाथाला न विचारताच हो म्हणून बसलोय.

तर सहाला शिट्टी वाजली. नव्वद किलोमीटर, दहा तास, आणि डांबरी रस्ता नावाला. खांबपर्यंत झकास गेले. हौसाच्या गावच्या बायका पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या होत्या आणि तिच्या नावाने नुसता कल्ला चालला होता. त्यापुढे डोंगरातली वाट लागली. दगड, मुरूम आणि असा चढ की सायकल ढकलायलाही दम लागावा. तिथे दिनानाथाच्या पोटरीत गोळा आला. त्याने सायकल टाकली, बसला, आणि म्हणाला तुम्ही व्हा पुढे. माझ्यामुळेच ही अट आली, आता माझ्यामुळेच तुमचं वाटोळं नको.

हौसाने त्याची पोटरी दोन्ही हातांनी अशी रगडली की तो ओरडलाच. मग तिने पिशवीतून उकडलेल्या वालाच्या शेंगा काढून त्याच्या हातावर ठेवल्या. खा आणि गप चढ, म्हणाली, नायतर पंचा टाकीन तोंडावर आणि तीच गाडी बोलवीन. दिनानाथ हसला. हसला म्हणजे उठणार, हे दत्तात्रेयाला माहीत होतं. पुढच्या चढाला दत्तात्रेयाने एक हात हँडलवर आणि एक हात दिनानाथाच्या पाठीवर ठेवला. वर पोचेपर्यंत त्याची स्वतःची छाती भात्यासारखी चालली होती, पण हात काही काढला नाही.

नागोठणं मागे पडलं. यंदा दिनानाथ आडवा झाला नाही, उभ्या उभ्या भाकरी खाल्ली. उन्हं कलायला लागली तेव्हा ते पेणच्या खालच्या अंगाला खाडीकाठच्या सपाटीवर उतरले. तीन वीस झाले होते. पाच किलोमीटर राहिले होते आणि वेळ चाळीस मिनिटं. रांगतसुद्धा पोचलो असतो, असं दत्तात्रेयाच्या मनात आलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या ऋत्विकबद्दल माया वाटली.

मग मिठागर आलं.

बांधाच्या तोंडाशी चुन्याचा बाण आखला होता, सरळ वाफ्यातून पलीकडे जाणारा. कधी दोन महिन्यांपूर्वी येऊन वाट बघून गेले असतील, तेव्हा वाफा कोरडा, भेगाळलेला असेल. आता तो तुडवून झाला होता. दत्तात्रेयाला लांबूनच कळलं. मिठागराचा वाफा महिना महिना अनवाणी पायांनी तुडवतात, टाचेशेजारी टाच टाकत, जमीन घट्ट होऊन पाणी धरेपर्यंत. मग त्यावर मीठ पांढरं येतं. तुडवलेल्या वाफ्यात मालकसुद्धा चप्पल घालून उतरत नाही. आणि या वाफ्यातून ऐंशी सायकली गेल्या होत्या. चाकांच्या चऱ्याच चऱ्या. शेजारच्या भरलेल्या वाफ्याचा छोटा बांधही चाकांनी कापला होता आणि तिथून पाणी आत झिरपत होतं. जनी नावाची पन्नाशीची मिठागरवाली त्या खिंडारावर एकटीच चिखलाचे गोळे थापत होती. थापावे आणि पाण्याने न्यावे.

तिने मान वर करून या तिघांना बघितलं. त्यांच्या छातीवर तेच नंबर होते. ती म्हणाली, या, तुमीच राह्यला होता, घाला तुमच्यापण सायकली. शिवी दिली असती तर दत्तात्रेयाला बरं वाटलं असतं.

बाजूच्या मोठ्या बांधावरून वळसा घेतला तरी चारच्या आत पोचता येत होतं. हे त्याने मनात मोजलं, खोटं कशाला बोला. त्याने घड्याळ बघितलं, दिनानाथाकडे बघितलं. याच्या नावापुढे यंदा वेळ छापून यायची होती. ती आपण कुठल्या तोंडाने हिरावून घ्यायची? दत्तात्रेयाला राग आला, चुन्याच्या बाणाचा, घड्याळाचा, सगळ्याचा.

तोवर दिनानाथाने सायकल आडवी टाकली होती आणि तो बूट काढत होता.

‘‘अरे, वेळ,’’ दत्तात्रेय म्हणाला.

‘‘जल्मभर माती मळली मी,’’ दिनानाथ म्हणाला. ‘‘बांध फुटलेला बघून पुढं गेलो, तर वेळ कुणाची छापणार ते?’’

हौसा तर कधीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरली होती. शेतकरणीला फुटक्या बांधाचं काय सांगायचं. दिनानाथाने चिखल मळून गोळे करून दिले, हौसा आणि जनीने थापले, आणि दत्तात्रेय त्यावर उभा राहून तुडवू लागला. टाचेशेजारी टाच. मिठागर सोडून सहा वर्षं झाली होती, पण पाय विसरले नव्हते. पाणी थांबलं तेव्हा तीन पन्नास झाले होते. चऱ्या मात्र तशाच होत्या, आणि जनी म्हणाली संध्याकाळच्या भरतीला वाफ्यात पाणी घ्यायचंय, त्याआधी या बुजल्या नायत तर हंगाम गेला. चौघांचं काम नव्हतं ते.

‘‘जने, तू हितंच थांब गो,’’ दत्तात्रेय म्हणाला. ‘‘मी पाय घेऊन येतो.’’

हमरापूरला मंडपात गाणी वाजत होती, पोरं गळ्यात पदकं घालून वडापाव खात होती. हे तिघं अनवाणी, मांड्यांपर्यंत चिखलात, बूट हँडलला लटकावलेले, शेवटच्या रेघेवरून एका ओळीत गेले. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. ऋत्विक शाली घेऊन धावत आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तो दत्तात्रेयाच्या कानाशी लागला आणि हळूच म्हणाला की काका, तीन अठ्ठावन्न लिहितो, कुणाला कळणार आहे.

‘‘किती वाजले?’’ दत्तात्रेयाने विचारलं.

‘‘चार अकरा. पण काका...’’

‘‘चार वाजून अकरा मिनिटं. तिघांच्या पुढं लिही. शाल ठेव बाजूला.’’

ऋत्विकने लिहिलं. दिनानाथ वाकून कागद बघत होता, डोळा आखताना बघतो तसा, श्वास रोखून. त्याने आपल्या नावापुढच्या आकड्यांवरून चिखलाचं बोट फिरवलं. ‘‘उशिराची हाय,’’ तो हौसाला म्हणाला, ‘‘पण माझी हाय.’’

मग दत्तात्रेय खुर्चीवर चढला आणि त्याने माइक मागून घेतला. भाषण केलं नाही. वाफा काय असतो, चऱ्या कुणी पाडल्या आणि भरती किती वाजता आहे, एवढंच सांगितलं. पहिली आलेली सुरभी, चोवीस वर्षांची मुलगी, आधी उठली आणि बूट सोडायला लागली. तिच्या मागून एकेक करत बाकीचे उठले.

ऋत्विक घुटमळत उभा होता. बाण त्यानेच आखला होता. त्याने विचारलं, मीपण येऊ का?

हौसाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दत्तात्रेयाकडे वळली. ‘‘काय वो, साठीच्या आतल्यांना झेपंल का हे? का ह्याला झेंडा दाखवायला बसवू?’’

सगळ्यांच्या आधी ऋत्विकच हसला, कानापर्यंत लाल होऊन.

ऊन उतरलं तेव्हा वाफ्यात ऐंशी माणसं अनवाणी ओळीने उभी होती आणि पुढे दत्तात्रेय, दिनानाथ, हौसा पाय कसा टाकायचा ते दाखवत होते. जनी बांधावरून ज्याचा पाय चुकेल त्याला नाव ठेवत होती. ऋत्विक दोनदा घसरून पडला. तिसऱ्यांदा दत्तात्रेयाने त्याचं कोपर धरलं.

‘‘काका,’’ तो धापा टाकत म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढलेला नव्हता, ‘‘ती अट मी काढतो.’’

‘‘तू घातली, तू काढ. आमी तर तशेबी येणारच होतो,’’ दत्तात्रेय म्हणाला. ‘‘आता टाचेशेजारी टाच टाक. भरती थांबायची नाय तुझ्यासाठी.’’