कवडूनं न सांगितलेलं

“टेबलाखालचं ते टोपलं कशाचं आहे, काका?” उज्वलानं विचारलं.

“नमुन्याचं,” कवडू म्हणाला आणि पुढचा क्रेट काट्यावर चढवला. तिनं वहीत लिहून घेतलं. मी बाजूलाच उभा होतो. गटाचा सचिव असल्यामुळे खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मीही गप्प बसलो.

आंजी गावातल्या आमच्या शेतकऱ्यांच्या भाजीपाला गटानं नागपूरच्या एका कंपनीकडून खास आपल्यासाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं, कोणी तरी येईल, कॉम्प्युटरमध्ये काही तरी भरेल आणि चहा पिऊन जाईल. आली ही उज्वला. आठ दिवस उलट्या क्रेटवर बसून कवडूला प्रश्न विचारत राहिली. भेंडी कोवळी कशी ओळखता, ओल्या पालकाचं वजन किती कापता, लांबून येणाऱ्याचा माल आधी का घेता. बावीस वर्षं काट्यावर उभ्या असलेल्या या माणसाला आम्ही आजवर फक्त दटावलं होतं, विचारलं कधीच काही नव्हतं.

पहिल्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, हे पोरगी माह्या डोक्शातलं सारं काढून नेते अन् मले घरी बसवते.” दुसऱ्या दिवशी त्याच पोरीसाठी घरून भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आला. तिसऱ्या दिवसापासून तर तिनं न विचारलेलंही सांगायला लागला.

फक्त टोपल्याचं सांगितलं नाही.

रुखमाबाई उईकेंचं नाल्याकाठचं दीड एकर नवऱ्याच्या दुखण्यात गेलं, आणि पाठोपाठ पुनाजीही गेला. पुढच्या मंगळवारी त्या सवयीनं काट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, रिकाम्या हातांनी. तेव्हापासून मंगळवारी कवडू प्रत्येक क्रेटमधून नमुना म्हणून दोन-चार नग काढतो आणि टोपल्यात टाकतो. शेवटी रुखमाबाई ते टोपलं घेऊन रांगेत येतात, कवडू सगळ्यांचं करतो तसं त्यांचंही वजन करतो, वर “आज वांगे मस्त निंगाले, काकू,” असंही म्हणतो. शेतकऱ्यांना सगळं माहीत आहे. मंगळवारी क्रेटच्या वरच्या थरात नेमका चांगला माल असतो. याला कोणी भीक म्हणू नये, म्हणून याला कोणी काहीच म्हणत नाही. मग ते नागपूरच्या पोरीला सांगायचं तरी कसं?

मशीन सुरू झालं तो दिवस मंगळवारच होता. वजन झालं की शेतकऱ्याचं नाव, त्याच्या वावराचा गट नंबर आणि माल छापलेली चिठ्ठी बाहेर यायची. मंडळी खूश होती. कवडू तर घरचं लग्न असल्यासारखा मिरवत होता. सगळ्यात शेवटी रुखमाबाई आल्या. उज्वलानं त्यांचं नाव टाकलं आणि पडद्यावर लाल चौकट उमटली. गट नंबर भरा.

“आजी, वावर कुठे आहे तुमचं?” तिनं सहज विचारलं.

कवडूचा हात काट्यावर तसाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“राहू दे, माय,” रुखमाबाई म्हणाल्या आणि टोपलं उचलायला वाकल्या.

उज्वलानं टोपल्यात पाहिलं. जांभळी, हिरवी, पांढरी वांगी, मूठभर मिरच्या, एक फुलकोबी. एका वावरातून असा माल निघत नाही, एवढं आठ दिवसांत तिला कळायला लागलं होतं. तिनं कवडूकडे पाहिलं. कवडूनं मान खाली घातली.

“थांबा, आजी. चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मीच मशीनला नीट शिकवलं नाही.”

आणि ती टाइप करत बसली. चांगली दहा मिनिटं लागली. एरवी जरा उशीर झाला की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी ही माणसं, पण ज्यांचं काम आटोपलं होतं तेही जागचे हलले नाहीत.

चिठ्ठी निघाली. रुखमाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ती कवडूपुढे धरली.

“रुखमा पुनाजी उईके,” कवडूनं वाचलं. “शेतकरी. मिश्र भाजी, साडेतीन किलो.”

“त्यायचं नावबी आलं?”

“आलं ना, काकू.”

ती चिठ्ठी खिडकीवर देऊन पैसे घ्यायचे असतात. रुखमाबाईंनी तिची बारीक घडी केली, कमरेला खोचली आणि त्या निघाल्या.

“काकू, ते खिडकीत द्या लागते,” कवडू म्हणाला.

“नाई देत मी,” रुखमाबाई म्हणाल्या.

कवडू हसायला लागला आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. खोटं कशाला सांगू, मलाही. उज्वलानं पुन्हा बटण दाबलं. दुसरी चिठ्ठी निघाली, ती मी खिडकीवर नेऊन दिली. पैसे कवडू घरी पोचवणार होता. रुखमाबाई तोवर रस्त्याला लागल्या होत्या, चार पावलं चालून कमरेला हात लावत, चिठ्ठी जागेवर आहे ना ते चाचपत.