रिंगेआडची जिमिक्की

मित्रांनो, माझ्यावर आजवर फक्त अर्धा मोर भरला गेला. त्यानंतर मला सुई लागली नाही. मी एक जुनी भरतकामाची लाकडी रिंग आहे. कुंभकोणमच्या एका शिंपिणीकडे ब्लाउजच्या बाह्या ताणून धरणे हे माझे पहिले काम. तिने मला अर्ध्या मोरासकट आपल्या बहिणीला, अरुळमेरी टीचरना, देऊन टाकले. टीचरनी मोर उतरवला, माझ्यावर काळे विरळ कापड ताणले आणि मी शाळेत रुजू झाले.

ही शाळा कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांची. दोन खोल्या, एक चटई आणि प्रत्येक मुलाबरोबर त्याची आई. माझे काम होते बोलणाऱ्याचे तोंड झाकण्याचे. ही मुले ओठ पाहून बरेच ओळखतात, त्यामुळे कानांना ऐकण्याची सवय लागत नाही. तोंडावर हात धरला तर आवाज दबतो. माझ्या कापडातून आवाज जातो, ओठ मात्र दिसत नाहीत. मुलाने कवडी कानाशी धरायची आणि आवाज आला की वाटीत टाकायची. आवाज सहा: आ, ऊ, ई, म्, श्, स्. बोलण्यातले जाड-बारीक सारे आवाज या सहांच्या आसपास बसतात.

आईचा चेहरा लपवते म्हणून मुले माझ्यावर चिडत. एकाने तर मला चावा घेतला. त्या दातांची खूण अजून माझ्या कडेला आहे. आठ वर्षांत सेहेचाळीस मुले माझ्यासमोर बसली. त्यांपैकी एकीच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली. तीच सांगते.

तिचे नाव तेनमोळी. तेन म्हणजे मध, मोळी म्हणजे बोली. बारशाच्या वेळी तिला नीट ऐकू येत नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे शेजारणी तिच्या आईला, शेनबगमला, विचारू लागल्या, "काय गं, मध कधी गळणार?"  मुलीच्या दोन्ही कानांना यंत्रे लावून शेनबगम दारासुरमहून मंगळवारी आणि शुक्रवारी बसने येई. सोबत सासू असे. तिला सगळी शाळा पाट्टी, म्हणजे आजी, म्हणे.

तेनमोळी अडीच वर्षांची होती. शेनबगमने मला तोंडापुढे धरले आणि सहा आवाज काढले. सहाही कवड्या वाटीत पडल्या. पुढच्या शुक्रवारीही सहा. पाट्टीने घरून चक्कर पोंगल, म्हणजे गुळाचा गोड भात, आणून साऱ्या आयांना वाटला. मीही मनात फुगले.

टीचर मात्र वहीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हातात मी असले की मुलगी श् आणि स् सोडून देई. आईच्या हातात असले की एकही सोडत नसे.

"आईचा आवाज ओळखीचा आहे ना, टीचर," शेनबगम म्हणाली.

"असेल. आता एक करा. नुसतं तोंड हलवा, आवाज काढू नका."

शेनबगमने माझ्याआड ओठ हलवले. खोलीत आवाज नव्हता. तरी कवडी वाटीत पडली.

आणखी दोनदा तसेच झाले. मग टीचरनी शेनबगमच्या कानाकडे बोट केले. तिथे तिची जिमिक्की, म्हणजे लोंबता झुमका, होती, लग्नातली, मोत्यांच्या घोसाची. जबडा हलला की जिमिक्की हले, आणि ती माझ्या कडेबाहेर लोंबत होती. मी तोंड झाकले होते, कान उघडे राहिले होते.

शेनबगमचा चेहरा उतरला. "म्हणजे ती ऐकतच नव्हती?"

"ऐकते. ऐकू येईल ते ऐकते, उरलेलं बघते. फार हुशार पोरगी आहे, आपल्या सगळ्यांना फसवलं तिनं."

हसण्यासारखी गोष्ट होती, पण कोणी हसले नाही. यंत्रांचा आवाज किती ठेवायचा हे याच कवड्यांवरून ठरत असे. कवड्या खोट्या तर यंत्राचे मापही खोटे, आणि बोली सहज रुजण्याची वर्षे तर मोजकीच.

"जिमिक्की काढून बसा," टीचर म्हणाल्या.

पाट्टी उसळली. "सवाष्णीनं कान मोकळे ठेवायचे? तुमच्या शाळेत चालत असेल, आमच्यात नाही चालत!"

शेनबगम खाली मान घालून बसली. तिने टीचरकडे पाहिले, मग मुलीकडे. मग जिमिक्कीची फिरकी सैल करू लागली.  ते पाहून पाट्टीने स्वतःच्या कानांतल्या खड्यांच्या कुड्या काढल्या आणि सुनेच्या हातावर ठेवल्या.

"ह्या घाल. ह्या हलत नाहीत. माझ्यासारख्याच आहेत."

आता मात्र सगळे हसले.

त्या दिवशी खरी मोजणी झाली: सहांपैकी चार. टीचरनी तसे लिहून यंत्रवाल्याकडे पाठवले. त्याने पाहिले तर तेनमोळीचे कान वाढले होते, यंत्रांचे कानात घट्ट बसणारे साचे सैल झाले होते आणि आवाज बाहेर गळत होता. नवे साचे आले, बारीक आवाज वाढवले गेले. घरी तिच्या वडिलांनी रोज संध्याकाळी अर्धा तास आपला खडखडणारा हातमाग बंद ठेवायला सुरुवात केली. त्या अर्ध्या तासात शेनबगम मुलीशेजारी बसून भाजी निवडी आणि भाजीचीच गोष्ट सांगे. पाट्टी म्हणे, "वांग्याला एवढं महत्त्व या घरात कधी मिळालं नव्हतं."

पाच महिन्यांनी एका मंगळवारी शेनबगमने मला पुन्हा तोंडापुढे धरले. ती 'स्' म्हणाली. कानात पाट्टीच्या कुड्या होत्या, हललेले काहीच नव्हते. कवडी वाटीत पडली. टीचरनी पुन्हा नुसते ओठ हलवायला सांगितले. या वेळी तेनमोळी कवडी कानाशी धरून वाट पाहत राहिली.

मग कंटाळून तिने मला बाजूला ढकलले, आईच्या कानाच्या पाळीला बोट लावले आणि म्हणाली, "अम्मा, जिमिक्की एंगे?"

जिमिक्की कुठे आहे, असे ती विचारत होती. तिचा हा पहिला प्रश्न.  उत्तर दाराशी बसलेल्या पाट्टीने दिले, "माझ्या ट्रंकेत गं, माझ्या मधा!"

आता माझे लाकूड चिरले आहे, दोऱ्याने बांधून मी काम करते. मी समाधानी आहे. मित्रांनो, तुमच्या ओळखीत असे मूल असेल तर त्याच्याशी जवळ बसून, भरपूर बोला. त्याच्या कानातले साचे सैल तर झाले नाहीत ना, हे पाहत जा. आणि कवडी वाटीत पडली की टाळी वाजवण्याआधी एकदा गप्प राहून बघा.