बावड्याच्या इंग्रजी क्लासचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. यात माझा दोष नाही. मला ओतलं, घासलं, पोटात लोखंडी पट्ट्या बसवल्या, ते एवढ्याचसाठी. माझ्याजवळ येणारा प्रत्येक हात मी आधी चोराचा धरतो. किल्ली बरोबर निघाली, तरच मत बदलतो, आणि तेही तात्पुरतं.

सन चौऱ्याण्णवमध्ये वीरेश सरांनी मला लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून विकत घेतलं. दुकानदार म्हणाला, "सर, चोर दमंल, पण हे न्हाय." विकायचं असलं की माणसं अशीच स्तुती करतात, हे मी पहिल्याच दिवशी हेरलं.

सरांचा इंग्रजीचा क्लास कसबा बावड्यात पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खालून पीठ उडायचं, साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास यायचा, आणि मी दाराच्या कोयंड्यात पांढरा होऊन लटकायचो. सरांचं गाव सीमेकडचं. ते घरात कन्नड बोलत, बाजारात मराठी, आणि क्लासच्या उंबऱ्याच्या आत फक्त इंग्रजी. तिथं मराठी शब्द काढायला मुलांनाही बंदी आणि त्यांना स्वतःलाही. त्यांची आई रत्नव्वा संध्याकाळी त्याच उंबऱ्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. आतलं एक अक्षर तिला कळत नसे. इंग्रजी सुरू झालं की ती गिरणीच्या आवाजासारखं तेही कानाआड करायची.

क्लास भरला की सर मला काढून मुलांच्या हातात फिरवायचे. नुकतंच काय केलं, ते प्रत्येकानं सांगायचं. "आय हॅव जस्ट गिव्हन इट टु हर." हे कुलूप मी आत्ताच तिला दिलंय. "शी हॅजन्ट लॉक्ड इट येट." तिनं ते अजून लावलेलं नाही. त्यातला 'इट' म्हणजे मी. मुलं हमखास मलाच गाळायची, कारण आपल्या मराठीत "दिलं की" म्हटलं की माणूस मोकळा. कुणी दिलं, काय दिलं, कुणाला, कधी, सगळं गिळलं तरी चालतं. इंग्रजी मात्र एकेकाला उभं करून विचारते: तू? काय? कुणाला? झालं की अजून व्हायचंय? मला ती भाषा पटली. माझ्यासारखीच संशयी.

सरांचा आणखी एक नियम होता. वाक्य खरं असलंच पाहिजे. कुलूप न लावता 'लावलंय' म्हटलं, तर व्याकरण कितीही शुद्ध असो, ते वाक्य चूक. शेवटी जाणाऱ्यानं मला लावायचं आणि शेजारच्या खोलीत रत्नव्वाला किल्ली देऊन इंग्रजीत सांगायचं, "आय हॅव लॉक्ड इट." रत्नव्वा मान हलवायची आणि किल्ली कमरेला खोचायची.

दोन हजार एक साली हे काम बहुतेक संयोगिताकडं असायचं. ती बावड्यातल्याच हंबीररावांची लेक. हंबीरराव उसाचे शेतकरी, तोंडानं फटकळ. पोरगी बारावी झाली, आता लग्न, असं त्यांनी ठरवलं होतं. तिनं एवढंच मागून घेतलं होतं, की एकदा नोकरीचं बघते, न्हाय जमलं तर तुम्ही म्हणाल तसं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याला फोनवर इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. तिथले साहेब सरांच्या ओळखीचे. सोमवारी मुलाखत होती आणि सर शब्द टाकणार होते.

त्या आधीच्या गुरुवारी सरांनी मला उघडलं, आणि मुलांना इंग्रजी ऐकवायचा आतला टेपरेकॉर्डर गायब. मी जागच्या जागी, धड. म्हणजे चोर किल्लीवाला.

मला चोर ठाऊक होता. त्याच दिवशी सकाळी सर बाहेर गेल्यावर रत्नव्वानंच मला उघडलं होतं. पदराखाली काहीतरी मोठं झाकून ती जिना उतरली होती. आपल्याच लेकाचा माल! मी मनात म्हटलं, म्हातारी वरून तांदूळ निवडते, आतून भलतीच.

सरांनी क्लासमध्येच चौकशी मांडली, अर्थात इंग्रजीत. एकेकानं उठून सांगितलं, मी त्याला हात लावलेला नाही, मी तो मंगळवारपासून पाहिलेला नाही. वाक्यं सगळी शुद्ध. कोडोलीचा आकाराम म्हणाला, की काल संयोगिताकडं मोठी पिशवी होती.

"आय हॅव नेव्हर टेकन इट, सर," संयोगिता म्हणाली.

"यू लॉक्ड द डोअर," सर म्हणाले. मग सोमवारी माझ्या शब्दाची वाट बघू नको, असंही त्यांनी इंग्रजीतच ऐकवलं. शेजारची मुलगी बाकावर जरा सरकून बसली. आणि रत्नव्वा? उंबऱ्यावर बसून खडे वेचत होती. एका पोरीचा जीव जातोय आणि ही बया ढिम्म. त्या दिवशी मला तोंड असतं, तर मी तिला चावलो असतो.

आईला ताप नको म्हणून सरांनी घरी अवाक्षर काढलं नाही. बातमी मात्र आकारामच्या तोंडून दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीत पोचली आणि संध्याकाळी हंबीरराव लेकीला घेऊन जिना चढून वर आले. क्लास भरलेला होता.

"सर, माझ्या पोरीनं काय चोरलंय म्हणं?"

सर सवयीनं म्हणाले, "मिस्टर हंबीरराव, शी हॅज..."

"मराठीत बोला, पावणं. डेअरीवर मराठीतच बोलत्यात समदी. खरं असंल तर पोरीचं शिक्षण आजपासून बंद. पर खरं हाय का, ते सांगा."

सरांचा नाइलाज झाला. "टेपरेकॉर्डर गेलाय. बुधवारी कुलूप हिनंच लावलं होतं."

उंबऱ्यावरून आवाज आला, "टेप व्हय? त्यो गल्लीतल्या बनाबाईकडं हाय की. तिच्या नातीचं बारसं हाय, पाळणं लावाय मीच दिलोय. पीठ बसंल म्हणून पदराखाली झाकून नेलतो."

"आई, मग काल बोलली का नाहीस?" सर ओरडलेच.

"मला कुणी इचारलं? तुम्ही आपलं फाडफाड चाललंतं. मला वाटलं, शिकवालाईस."

हंबीरराव मोठ्यानं हसले. संयोगिता हसली नाही. सर तिच्याजवळ गेले आणि अगदी हळू आवाजात 'सॉरी' म्हणाले.

ती म्हणाली, "सर, यू हॅव सेड इट टु मी. यू हॅवन्ट सेड इट टु देम येट." मला म्हणालात, त्यांना अजून म्हणाला नाहीत. तिचं बोट बाकांकडं होतं.

सर पाटीसारखे काळवंडले. मग बाकांकडं तोंड करून, मराठीत, गिरणीच्या आवाजाच्या वर आवाज चढवून म्हणाले, "मी संयोगितावर खोटा आळ घेतला. तिनं काही घेतलेलं नाही. चूक माझी."

"आता हेच उद्या डेअरीवर," हंबीरराव म्हणाले. "सकाळी सातला. मी थांबतो." आणि दुसऱ्या दिवशी सातला सर डेअरीवर गेले.

सोमवारी संयोगिता कागलला गेली. नोकरी लागली. मी मात्र दोन-तीन वर्षांतच कामातून गेलो. क्लास मोठ्या जागेत हलला, तिथं शटर आलं, शटरला नवं कुलूप आलं. मी गिरणीच्या खिडकीत पडून आहे. पोटात पीठ आणि गंज. रत्नव्वाला मी चोर ठरवलं होतं, आणि मला तर तिचं सगळं दिसत होतं, तरीही चुकलो. मग सरांना काय बोलू?

मित्रांनो, संशय मला शोभतो, माझं पोट त्यावर भरलं. तुम्ही तो जपून वापरा. घरातल्या जुन्या कुलपाला अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडा. तरीही ते अडलंच, तर हातोडीनं तोडता येतं. माणसाच्या नावाला लावलेलं कुलूप तसं तुटत नाही. ज्यानं चारचौघांत लावलं, त्यालाच ते चारचौघांत उघडावं लागतं.